एका बाळंतपणाभोवतीची माणसं

आष्टी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर बाई गरोदर राहिली की तिच्याभोवती किती माणसं कामाला लागतात, हे सहसा कोणी मोजत नाही. पाळी चुकल्याचं सासूच्या पाठोपाठ कळतं ते आशाताईला. ती रजिस्टरला नाव चढवते आणि बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी व्हावी म्हणून घरी खेटे घालते. उपकेंद्रातली आरोग्य सेविका, म्हणजे गावाची सिस्टर, वजन घेते, बोट टोचून रक्त बघते, गोळ्यांची पाकिटं हातात ठेवते. अंगणवाडीताईकडून शिध्याचं पाकीट मिळतं. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, लॅबचा माणूस आणि औषधं देणारा असतो. मध्येच ताप आला, अंग दुखलं तर बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरकडे एक सलाइन होतं. सोनोग्राफी तालुक्याच्या गावी, नाही तर थेट नगरला. कळा सुरू झाल्या की गाडी, गाडीवरचा ड्रायव्हर, पुढच्या दवाखान्यातल्या सिस्टर, मावशी, बाळंतपणाचा डॉक्टर, भूलतज्ज्ञ, बाळाचा डॉक्टर. माहेरची एखादी जुनी सुईण अजून हयात असली तर तिचाही शब्द मध्ये असतोच.

डझनभर माणसं तरी झाली. पगार वेगळे, खाती वेगळी, शिक्षण वेगळं. यातली बरीचशी एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत, आणि जी ओळखतात ती एकमेकांशी बोलतात ती बहुतेक आकड्यांपुरती: किती नोंदणी, किती लसी, किती संस्थेतली बाळंतपणं.

या सगळ्यांना धरून ठेवतं ते माता आणि बाल संरक्षण कार्ड. तालुक्यातल्या एका घरी मी ते हातात घेऊन पाहिलं. साड्यांच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत नीट जपलेलं, घडीवर फाटलेलं आणि चिकटपट्टीने सांधलेलं होतं. हिमोग्लोबिनच्या रकान्यात आठच्या आसपासचा आकडा निळ्या शाईत होता, त्याखाली लाल रेघ. पिशवीत खासगी सोनोग्राफीचा गुळगुळीत कागद होता आणि नगरच्या दवाखान्याची फाइल. फाइलीत रक्त पुन्हा तपासलेलं होतं. कार्डावरच्या लाल रेघेचा तिथे उल्लेख नव्हता, आणि नगरला काय केलं याची कार्डावर एक ओळ नव्हती. कागद तीन, पिशवी एक, आणि ती पिशवी वागवणारी बाई जेमतेम सही करणारी.

आष्टीपुरतं याला भूगोलाचंही कारण आहे. तालुका बीड जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. जिल्ह्याचं मेडिकल कॉलेज अंबाजोगाईला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आजारी माणूस साहजिकच नगरची वाट धरतो. सप्टेंबर 2022 मध्ये आष्टी–नगर रेल्वे सुरू झाली आणि बीडपर्यंत गाडी जायला आणखी तीन वर्षं लागली. रुग्णांची वाट मात्र रूळ पडायच्या कितीतरी आधीपासून पश्चिमेला वळलेली. नगरचं कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण आरोग्य खात्याच्या नकाशात बीड लातूर मंडळात आणि नगर नाशिक मंडळातच राहिलं. बाई सीमा ओलांडते, तिची नोंद ओलांडत नाही.

वेगवेगळ्या शिक्षणाच्या या माणसांनी एका रुग्णासाठी मिळून काम कसं करायचं, हा गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर संशोधनाचा विषय होऊन बसला आहे. त्याची वाढ पाहिली तर आधी अचंबा वाटतो आणि मग थोडं हसू येतं.

सुरुवात एका खेळापासून सांगतात. 1967 मध्ये लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने डॉक्टर आणि नर्स यांच्यातल्या ‘खेळा’वर निबंध लिहिला. रुग्णाला काय हवं आहे हे नर्सला कळलेलं असतं, पण ते सरळ सांगायची मुभा तिला नाही. म्हणून ती अशा बेताने बोलते की उपाय डॉक्टरला स्वतःलाच सुचला असं त्याला वाटावं. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात रात्रपाळीला उभं राहावं, ‘सर, बीपी जरा कमी वाटतंय, एकदा बघून घेता का?’ अशा धाटणीचं वाक्य कानावर येतंच. सिस्टरला बीपी कमी ‘वाटत’ नसतं. तिने ते दोनदा मोजलेलं असतं. स्टाइनने आणखी दोघांबरोबर 1990 मध्ये हाच विषय पुन्हा घेतला. तोवर अमेरिकेतल्या नर्सना हा खेळ नकोसा झाला होता.

1986 मध्ये स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट अशा सगळ्यांच्या अभ्यासक्रमाचा काही भाग एकत्र शिकवायला सुरुवात केली. पुढे तर विद्यार्थ्यांनी मिळून चालवायचा वॉर्डच उघडला. 1987 मध्ये ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेली केप नावाची संस्था निघाली. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मिळून काम करण्यासाठी मिळून शिका, अशा आशयाचा अहवाल काढला. या विषयाची स्वतंत्र संशोधनपत्रिका चालू झाली, परिषदा भरू लागल्या, प्राध्यापकपदं निर्माण झाली.

विषयाला खरी धार आली ती मात्र चुकांमुळे. 1999 मध्ये अमेरिकेत दवाखान्यांतल्या चुकांनी होणाऱ्या मृत्यूंवरचा सरकारदरबारी गाजलेला अहवाल आला. 2001 मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत झालेल्या मृत्यूंचा चौकशी अहवाल आला. दोन्हींचं निदान जवळपास सारखं होतं. माणसं नालायक नव्हती. ज्याला दिसत होतं त्याला बोलता येत नव्हतं, आणि बोललं तरी कोणी ऐकत नव्हतं.

हसू येतं ते पुढे. वैद्यकातले पुरावे चाळणीने चाळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेसाठी मेरिक झ्वारेनस्टाइन, स्कॉट रीव्हज आणि त्यांचे सहकारी 2000 च्या सुमारास या विषयाच्या मागे लागले. निरनिराळ्या पेशांच्या लोकांना एकत्र शिकवल्याने रुग्णाचं भलं होतं का, एवढाच प्रश्न होता. हजारावर निबंध त्यांनी चाळले. त्यांच्या कसोटीला उतरलेले निबंध निघाले शून्य. 2008 मध्ये सहा सापडले, 2013 मध्ये पंधरा. प्रत्यक्ष कामाच्या जागी सहकार्य वाढवण्याच्या उपायांवर वेगळा आढावा झाला, त्यात 2009 मध्ये पाच अभ्यास होते आणि 2017 मध्ये नऊ. एवढे निबंध, एवढ्या परिषदा, आणि चाळणीवर राहिले नऊ. तेही बहुतेक श्रीमंत देशांतल्या दवाखान्यांमधले.

शस्त्रक्रियेच्या वेळची तपासणी यादी या गर्दीत वेगळी उठून दिसते. 2009 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. आठ देशांतली आठ रुग्णालयं होती, त्यात दिल्लीचंही एक होतं. यादी वापरू लागल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. या यादीत एक कलम असं आहे की चाकू लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम सांगायचं. वरकरणी पोरखेळ वाटतो. पण ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितलं तो पुढे ‘थांबा, स्पंज एक कमी आहे’ असं म्हणायला धजतो, एवढाच त्यातला हिशेब. तरीही हा सगळा खेळ एका खोलीतला. दरवाजा बंद आणि आतले बहुतेक सगळे शिकलेले.

आष्टीत अशी खोली नाही. तिथली टीम पन्नास किलोमीटरवर पांगलेली असते, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची बाई, आशाताई, पगारी नोकरच नाही. अशा टीमचं काय करायचं, याचा जगातल्या मोठ्या प्रयोगांपैकी एक आष्टीच्या वेशीला लागून झाला. मात्र या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते. तो तिथे सार्वजनिक आरोग्य नावाच्या दुसऱ्या कपाटात ठेवलेला असतो.

*

जामखेड आष्टीचा शेजारी तालुका, नगर जिल्ह्यातला. आष्टीची माणसं बाजाराला, सोयरिकीला आणि दवाखान्याला सारखी तिकडे जातात. 1795 ची खर्ड्याची लढाई याच टापूत झाली. मराठे आणि निजाम यांच्यातली ती सीमा पुढे राज्यं बदलली तरी कुठल्या ना कुठल्या कागदावर उरलीच.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, मेबल आरोळे जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथे त्यांना जाणवलं ते बहुतेक प्रामाणिक डॉक्टरांना कधी ना कधी जाणवतं: बरा करून पाठवलेला माणूस त्याच आजाराने परत येतो. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन सप्टेंबर 1970 मध्ये दोघं जामखेडला आले. सुरुवातीला तीस गावं आणि सुमारे चाळीस हजार वस्ती. त्यांच्या नोंदींनुसार त्या काळात जन्मलेल्या हजारातली 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती.

पहिला बेत आजच्या कुठल्याही सरकारी आराखड्यात शोभेल असाच होता. मध्ये दवाखाना आणि प्रत्येक गावी एक शिकलेली नर्स. तो फसला. परगावच्या एकट्या तरुण मुलीला खेड्यात रात्री राहणं धोक्याचं होतं, आणि गावातल्या बायकांना तिचं बोलणं परकं होतं. सूचना गावातूनच आली: आमच्यातलीच एखादी बाई का शिकवत नाही? मग गावांनी बायका निवडल्या. मध्यम वयाच्या, लेकुरवाळ्या, बऱ्याचशा निरक्षर आणि बऱ्याचशा दलित. त्या बाळंतपण करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, जुलाबाला मीठ-साखर-पाणी देऊ लागल्या. कुष्ठरोग आणि क्षय ओळखू लागल्या.

इथवरची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आरोळे दांपत्याने जामखेडवर प्रकरण लिहिलं, तीन वर्षांनी प्राथमिक आरोग्यसेवेवरची अल्मा-आताची परिषद झाली, 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला ज्यात रस आहे ते या सगळ्याच्या खालचं आहे. हाताखाली निरक्षर बाई दिल्यावर नर्सने काय करायचं? डॉक्टरने काय करायचं? एका गावची महारवाड्यातली बाई आणि पाटलाच्या वाड्यातली सून यांच्यामध्ये आरोग्याची शिकवण कुठल्या वाटेने जायची?

जामखेडची उत्तरं ऐकायला साधी वाटतात. या बायका गाव सोडून दर आठवड्याला केंद्रावर येत आणि मुक्काम करत. शिकवणं सुरू व्हायचं ते त्यांच्या गावात काय घडलं, कोणाचं मूल अडलं, कोण रडत होतं तिथून. औषधाचा धडा त्यानंतर. जेवण एका पंगतीत व्हायचं. सत्तरच्या दशकातल्या मराठवाड्याच्या सीमेवर एका पंगतीत बसणं म्हणजे काय होतं, हे आजच्या वाचकाला समजावून सांगावं लागू नये. नर्सचं काम बदललं; ती शिकवणारी आणि पाठीशी उभी राहणारी झाली. फिरतं पथक गावात आलं की आधी या बाईकडे जायचं, ती दाखवेल त्या घरी जायचं, तिने ओळखलेला रुग्ण तिच्यासमोर तपासायचा. शिकलेला डॉक्टर सगळ्या गावादेखत तिला विचारतो आहे, हे गाव बघत असे. बाईचा शब्द वजनदार होण्याचं खरं कारण मला यात दिसतं. आणि हे डॉक्टरने मुद्दाम करायचं काम होतं. त्याच्या अभ्यासक्रमात ते कुठेच नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात विंधन विहिरींच्या जागा ठरवतानाही तोच कावा. पाणी दलित वस्तीत लागेल अशी जागा धरायची, म्हणजे हंडा घेऊन सगळ्यांना तिथे यावं लागतं. कोणी म्हणेल, पाण्याचा आणि डॉक्टर-नर्सच्या सहकार्याचा काय संबंध? ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नाही तिच्या हातचं बाळंतपण कसं चालेल? पाश्चात्त्य निबंधांत सहकार्याच्या अडथळ्यांची यादी असते: भूमिकांची अस्पष्टता, वेळेचा अभाव, पेशांची वेगळी संस्कृती. आपल्या यादीत पहिल्या तीनांत जात, बाई असणं आणि कोण कोणाकडून पैसे घेतं हे येतं. ही यादी कोणी बाहेरून आणून देणार नाही.

*

मोजमाप झालं नाही असं नाही. जामखेडच्या केंद्राच्या नोंदींप्रमाणे बालमृत्यू 1976 पर्यंत हजारी 52 वर आणि 1996 मध्ये 26 वर आले. आपल्याच नोंदी आपल्याच बाजूने बोलतात, अशी शंका घेणाऱ्यांसाठी 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत बाहेरच्या संशोधकांसह केलेला अभ्यास छापून आला. प्रकल्पातली गावं आणि त्याच टापूतली, प्रकल्प नसलेली गावं घेऊन मातांकडून बाळांचे जन्म-मृत्यू विचारले. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी कमी निघाला. त्याआधी 2001 मध्ये चार्ल्स मकॉर्ड यांनी रजनीकांत आरोळे, शोभा आरोळे आणि प्रेमकुमार यांच्यासह, बहुतेक बाळंतपणं घरी होत असतानाही अडलेल्या बाईला वेळेवर दवाखान्यात कसं आणता येतं, यावर निबंध लिहिला. आपल्या विषयाच्या तो सर्वांत जवळचा. घरातली बाई, गाडी आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर ही एकच साखळी म्हणून त्यात मांडली आहे.

गडचिरोलीचं काम अधिक काटेकोर. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत बाया आणि सुईणी तयार केल्या, 47 गावं तुलनेला ठेवली, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या भेटींची मुळं या कामात आहेत.

पण या दोन्हींतून आपल्याला समजतं ते मृत्यू किती घटले हे. माणसं एकमेकांशी कशी वागू लागली, नर्सने आपला अधिकार सोडला तो कशाच्या बदल्यात, कोणत्या आठवड्यात बाईने पहिल्यांदा डॉक्टरला ‘नाही, तसं नाही’ म्हटलं, हे कोणी मोजून ठेवलेलं नाही. आठवणी आहेत, पुस्तकं आहेत, मोजणी नाही. परदेशात संबंध मोजायच्या प्रश्नावल्या निघाल्या आणि रुग्णाचं काय झालं ते राहून गेलं. आपल्याकडे बाळांचे मृत्यू मोजले आणि संबंध राहून गेले. पुढे सरकारने नक्कल केली तेव्हा याची किंमत मोजावी लागली.

2 ऑक्टोबर 1977 ला जनता सरकारने गावोगाव आरोग्यरक्षकांची योजना सुरू केली. निवडले गेले बहुतेक पुरुष, आणि तेही गावात ज्यांचं चालतं त्यांचे. योजना रेंगाळली, तिचं नाव बदललं, ती विझली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. या वेळी बाईच घ्यायची, गावचीच घ्यायची, हे पक्कं झालं होतं. घेतलं नाही ते दर आठवड्याचं एकत्र बसणं. त्याच्या जागी आली महिन्याची बैठक. आरोग्य केंद्राच्या सभागृहात आशा सतरंजीवर किंवा मागच्या खुर्च्यांवर, गटप्रवर्तक बाजूला उभी, साहेब टेबलाच्या पलीकडे. अहवाल वाचून होतात, कोणाचं काम मागे आहे ते नाव घेऊन सांगितलं जातं, नव्या ॲपची माहिती दिली जाते, मोबाइलला रेंज नसल्याची तक्रार होते, चहा होतो. एखाद्या घरात काय पाहिलं हे सांगायला त्यात रकाना नाही. आणि कामामागे ठरावीक मोबदला मिळणारी बाई रकान्यात नसलेलं काम किती काळ करत राहील? 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच आशा 2024 च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याने पाच हजारांची वाढ मान्य केली. सहकार्यावरच्या संशोधनात पगाराचा उल्लेख इतका जपून का केला जातो, हे मला कधी उमगलेलं नाही.

*

सहकार्य नसलं तर काय होतं, याचा बीड जिल्ह्यातला दाखला 2019 मध्ये देशभर गाजला. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्या आल्या. त्या वर्षी जूनमध्ये विधिमंडळात सांगण्यात आलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय दहा वर्षांत काढलेलं आढळलं. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात त्याच सुमाराला 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नसले तरी फरक डोळ्यांवर येतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीत पोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, फडात संडास नाही, राहायच्या कोपीत न्हाणी नाही. बाई डॉक्टरकडे जाते. डॉक्टर म्हणतो, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. ती कर्ज काढून पिशवी काढते. या गोष्टीत मुकादम आणि सर्जन यांच्यामध्ये एकही माणूस नाही. आशाला कोणी विचारत नाही, सिस्टरला कोणी कळवत नाही. औषधाने बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गाची तपासणी सर्जनच्या आधी कोणीतरी करायची, ती पायरीच नाही. राणी बंग यांनी 1989 मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायकांची पाहणी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली होती. त्यांपैकी 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांचा त्रास होता. म्हणजे दुखणं माहीत होतं, ते कुठे आणि कोणी बघायचं हेही तीस वर्षं माहीत होतं.

बोभाटा झाल्यावर जिल्ह्यात नियम आला: जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय गर्भाशय काढायचं नाही. नियम हवाच होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण परवानगी म्हणजे एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरच्या कागदावर सही करणं. पोट दुखलं म्हणून बाई पहिल्यांदा कोणाशी बोलली आणि तिला तिथे काय उत्तर मिळालं, याला त्या सहीने फरक पडत नाही.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात.  पाच महिन्यांची गरोदर बाई बीड जिल्ह्यातल्या आशाच्या यादीत असते आणि तिची कोपी सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा पुणे जिल्ह्यातल्या कारखान्याच्या रानात. तिथली आशा तिला आपली मानत नाही, कारण तिचं नाव तिथल्या यादीत नाही. इथली आशा तिला विसरू शकत नाही, कारण नाव इथे आहे. पण फोन लावण्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. एकाच पेशाच्या दोन बायकांमध्ये सहकार्य नाही, तिथे पेशापेशांतल्या सहकार्याचं बोलायचं कोणाशी?

*

शहरात, कॉलेजांत काय चाललं आहे? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये नाशिकला स्थापन झालं आणि ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी सगळं एका छताखाली आलं. छत एक, वर्ग वेगळे. लोणी किंवा सावंगीसारख्या ठिकाणी तर मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फिजिओची कॉलेजं एकाच आवारात आहेत. मुलं एका कॅन्टीनमध्ये वडापाव खातात आणि आपापल्या वर्गात निघून जातात. 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, त्यातली एक ‘आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य’. नेता आधी, सदस्य नंतर. 2021 मध्ये संलग्न आरोग्य पेशांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यामुळे ज्यांना आजवर नुसतंच टेक्निशियन म्हणून हाक मारली जायची त्यांना पेशाचा दर्जा मिळायची वाट मोकळी झाली. कर्नाटकात मणिपालला अमेरिकेतल्या फेमर संस्थेच्या साथीने याच विषयाची फेलोशिप चालते. भारतातले निबंध वाढत आहेत, पण बरेचसे विद्यार्थ्यांना ‘एकत्र शिकायला आवडेल का’ असं विचारणारे. आवडेल, असं उत्तर येतं. दुसरं काय येणार?

आयुष डॉक्टरांचा प्रश्न तर या संशोधनाने जवळपास टाळलाच आहे. ग्रामीण महाराष्ट्रात माणूस ज्याला डॉक्टर म्हणून हाक मारतो तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, आणि आष्टी त्याला अपवाद नाही. 2014 मध्ये राज्याने कायदा बदलून होमिओपॅथना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यास केल्यावर ॲलोपॅथीची औषधं द्यायची मुभा दिली. ॲलोपॅथीच्या संघटनांनी विरोध केला आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. दरम्यान सरकारनेच 2018 नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, त्यातही आपल्याकडे बरेच बीएएमएस. सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेला हा तरुण आणि पंधरा-वीस वर्षं त्याच गावात लसी टोचणारी सिस्टर एका खोलीत बसतात. पगार त्याचा जास्त की तिचा, रजा कोणी मंजूर करायची, गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे, रुग्णाने आधी कोणापुढे बसायचं. काही उपकेंद्रांत हे छान जमलं आहे, काहींत दोघं एकमेकांच्या उलट्या दिवशी येतात. का जमलं आणि का नाही, हा मला आज महाराष्ट्रातला या विषयावरचा सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. त्यासाठी स्वीडनला जायची गरज नाही.

आष्टी तालुका या अभ्यासाला बरा आहे, कारण इथे सगळ्या सीमा एकत्र येतात: दोन जिल्हे, दोन आरोग्य मंडळं, सरकारी-खासगी, घरचं रान आणि कारखान्याचा फड. दहा-बारा उपकेंद्रं निवडावीत. अर्ध्या ठिकाणी आशा, सिस्टर, अंगणवाडीताई आणि समुदाय अधिकारी यांनी दर आठवड्याला दोन तास एकत्र बसायचं, आकडे बाजूला ठेवून घरांविषयी बोलायचं, आणि महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकाऱ्याने टेबल सोडून त्यांच्यात येऊन बसायचं. उरलेल्या अर्ध्यांत आहे तसं चालू ठेवायचं. मोजायचं काय? आशाने पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं हे तिला किती वेळा कळलं. नगरच्या दवाखान्यातली एक ओळ कार्डावर किती वेळा आली. अंगावरून पांढरं जातं म्हणणाऱ्या बायकांपैकी किती जणी सर्जनच्या आधी उपकेंद्रात आल्या. आणि हो, बाळांचे मृत्यूही, नाही तर लॅन्सेटवाले ऐकणार नाहीत.

खर्चात मोठी बाब असेल ती आशांच्या त्या दोन तासांच्या मोबदल्याची, आणि ती अर्जात पहिल्या ओळीत लिहावी. दिवाळीत मात्र हे सुरू करू नये. गावं रिकामी असतात. हंगाम संपून कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, आशांच्या याद्या पुन्हा भरतात आणि बायका घरी सापडतात. पाहणीला पहिल्यांदा गावात जायचं तर तेव्हा जावं, उन्हं तापायच्या आत, सकाळी लवकर.